शेवटची दहा मिनिटं : गावच्या फुटबॉल स्पर्धेतल्या एका बक्षिसाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी भागात, कोळसा खाणींपासून जवळच आमचं गाव आहे. दर जानेवारीत शाळेमागच्या पटांगणावर सात-सात जणांची फुटबॉल स्पर्धा होते. मी त्याच शाळेत खेळाचा शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात ज्या तिघांनी 'उत्कृष्ट खेळाडू' ठरवला, त्यांतला एक मी. ते बक्षीस चुकीच्या हातात गेलं, आणि ते परत फिरवायला आम्हाला चोवीस दिवस लागले. त्या चोवीस दिवसांत काय झालं आणि काय करता आलं असतं, ते सगळं इथे मांडतो. हिवाळा आला की अशा स्पर्धा गावोगाव भरतात, आणि हा प्रसंग दुसऱ्या कुठल्या मंडळावर येणारच नाही असं मला वाटत नाही. नावं कुणाचीच देत नाही. दोन्ही पोरांना त्यांच्या जर्सीच्या नंबरानंच ओळखू : एक दहा नंबर, एक चार नंबर.

स्पर्धा कशी होती

सोळा संघ, चार दिवस, हरला तो बाहेर. पहिलं बक्षीस ५१,००० रुपये, दुसरं ३१,०००, उत्कृष्ट खेळाडूला शिल्ड आणि ११,००१ रुपये. पैसा लोकवर्गणीचा. कापूस विकला गेलेला असतो, हातात थोडे पैसे असतात, म्हणून जानेवारी. काळ्या मातीवर आधी रोलर फिरतो, मग टँकरनं पाणी, मग फक्की. निलगिरीच्या बल्ल्यांचे गोलपोस्ट.

बाहेरच्यांना वाटतं, गावची स्पर्धा म्हणजे हौशी पोरांचा खेळ. आता तसं राहिलेलं नाही. चांगले संघ नागपूर, कामठी, बल्लारपूर, चंद्रपूरकडून खेळाडू आणतात. त्यांना 'आणलेला खेळाडू' म्हणतात. दहा नंबर असाच आणलेला. एका सामन्याचे १,५००, राहणं-खाणं संघाकडे, फायनल जिंकली तर वर १,०००. डिसेंबर ते फेब्रुवारी हीच त्याची कमाई. एक स्पर्धा संपली की बॅग उचलून दुसऱ्या तालुक्यात. आमची त्या महिन्यातली त्याची तिसरी होती. 'उत्कृष्ट खेळाडू'ची शिल्ड मिळाली की पुढच्या गावात भाव वाढतो. म्हणजे ती शिल्ड त्याच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती, तिच्यावर त्याची पुढची मजुरी ठरत होती.

चार नंबर शेजारच्या गावचा. बारावी झालेला, घरी तीन एकर कोरडवाहू. स्टॉपरला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळतो. त्याच्या संघात आणलेला एकही खेळाडू नव्हता आणि तरी तो संघ फायनलला आला, हे मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळे. उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या अंगठ्याचं नख उखडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून तो दोन सामने खेळला.

दोन सामने एकाच दिवशी, कारण वेळापत्रक आम्हीच तसं केलं होतं. २६ जानेवारीला सकाळी ९ वाजता उपांत्य आणि दुपारी ४ वाजता अंतिम. झेंडावंदनाला आलेले पाहुणे फायनलपर्यंत थांबावेत म्हणून. पोरांचे पाय मध्ये सात तासांत कसे सावरतील, हा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. या प्रकरणात आयोजकांचा वाटा कुठे सुरू होतो असं कुणी विचारलं, तर मी हे वेळापत्रक दाखवीन.

अंतिम सामना चाळीस मिनिटांपर्यंत १-१ होता. त्यानंतर मैदानावरची सगळी पोरं खरोखरच संपली होती. चेंडू पायाशी आला की उभी राहत होती. चार नंबर कमरेवर हात ठेवून वाकायचा आणि पुन्हा धावायचा. एकटा दहा नंबर पहिल्या मिनिटासारखा पळत होता. सेहेचाळिसाव्या मिनिटाला त्यानं अर्ध्या मैदानातून चेंडू काढला, चार नंबर त्याच्या बाजूनं पंधरा-वीस पावलं राहिला, मग पाय आखडून खाली बसला, आणि गोल झाला. २-१.

आमची पद्धत साधी आहे. सामना संपला की तिघं परीक्षक वेगवेगळे बसून एका कागदावर एक नाव आणि एका ओळीत कारण लिहितात. तिघांत मी, ग्रामपंचायतीचे एक सदस्य आणि खाणीतून निवृत्त झालेले एक जुने खेळाडू, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात. मी आणि सदस्यांनी दहा नंबर लिहिला. काकाजींनी चार नंबर. माझ्या कागदावरची ओळ अशी होती : 'शेवटच्या दहा मिनिटांत सगळे थांबले, हा धावत होता.'

ही ओळ लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबलं.

बक्षीस वाटप सामन्यानंतर तासाभरानं झालं. दहा नंबरशी हात मिळवला तेव्हा त्याचा हात थरथरत होता आणि तळवा गार होता. ओठ कोरडे. सवयीनं मी मनगट धरलं आणि घड्याळात पाहिलं. पंधरा सेकंदांत चौतीस ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. सामना संपून तास झालेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूची नाडी इतकी असू नये. मला ते कळायला हवं होतं, तेच माझं काम आहे. मी समजलो, पोरगं आनंदानं भारावलंय. पाठीवर थाप मारली. नागपूरच्या एका क्लबचे प्रशिक्षक पाहुणे म्हणून आले होते. मंडपाच्या बाजूला घेऊन त्यांनी त्याचा मोबाईल नंबर घेतला आणि ५ फेब्रुवारीच्या निवड चाचणीला बोलावलं.

ग्रामीण रुग्णालयात

६ फेब्रुवारीला दुसऱ्या तालुक्यातल्या एका स्पर्धेत दहा नंबर मध्यंतरात कोसळला. आदल्या दिवशी तो नागपुरात चाचणी देऊन आला होता, रात्री बसनं परतला आणि दुपारी सामना. छातीत धडधड, उलटी, बोलणं तुटक. त्याच्या सोबतच्या पोरानं मला फोन केला, कारण आमच्या गावात चार दिवस राहिल्यानं माझा नंबर त्याच्याकडे होता. मी ८ तारखेला गेलो. तोवर तो उठून बसला होता. हाताला सलाईनची पट्टी, उशाशी ईसीजीचा कागद.

मी काही विचारायच्या आत तोच बोलला.

"सर, म्या खोटं नाही बोलत. तुमच्या गावातबी घेतलं. चारही मॅचच्या आंधी. फायनलच्या रोजी दोनदा."

"काय घेतलं?"

"इंजेक्शन. जिमवाले पोट्टे घेतात ते. पाय भरून येत होते न सर. ते घेतलं का दमच नाही लागत."

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. औषधाचं नाव मेफेन्टरमाइन. मणक्यात भूल दिली की रुग्णाचा रक्तदाब घसरतो, तो सावरण्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये ते वापरतात. ते शरीरातल्या नॉरअॅड्रेनलिनला मोकळं सोडतं, त्यामुळे हृदय जोरात चालतं, दाब वाढतो, आणि थकव्याची जाणीव दबून जाते. स्नायू थकलेले असतातच, फक्त मेंदूपर्यंत ती तक्रार पोचत नाही. वारंवार घेतलं तर सवय लागते, झोप जाते, डोक्यावर परिणाम होतो, हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही अशा औषधांत ते मोडतं. तरी कुठल्या तरी दुकानातून, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन, ते पोरांच्या हातात येतं. दुकान त्यानं सांगितलं नाही. मीही त्या खाटेपाशी ताणलं नाही.

"मले कोणी सांगतलं नाही का ह्याच्यावर बंदी आहे," तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. आणलेल्या खेळाडूला नियम कोण सांगतं? संघाला गोल पाहिजे, आम्हाला गर्दी पाहिजे. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत मेफेन्टरमाइन उत्तेजक द्रव्यांमध्ये आहे आणि सामन्याच्या काळात त्याला बंदी आहे. मॅराडोना ज्या इफेड्रिनपायी १९९४च्या वर्ल्डकपमधून घरी गेला, ते याच गटातलं.

निघताना तो म्हणाला, "शिल्ड घिऊन जा सर. मले रात्री झोप येत नाही."

मी म्हटलं, आधी बरा हो. शिल्डचं मंडळ ठरवेल.

समितीपुढचे प्रश्न

१२ फेब्रुवारीला ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्षांनी सुरुवातच अशी केली : "आता कायले उकरून काढता सर? गावाचं नाव जाईन. पुढल्या वर्षी वर्गणी कोण देईन?" त्यांच्या काळजीला अर्थ होता. स्पर्धा त्यांनी शून्यातून उभी केलेली आहे. मग तीन तास वाद झाला. त्यातले जे मुद्दे खरे वजनदार होते, तेवढेच लिहितो.

पहिला, पुराव्याचा. चाचणी झालेली नाही, मग कशाच्या आधारावर? आपल्या देशात वाडाची मान्यता असलेली प्रयोगशाळा एकच, दिल्लीतली. गावच्या स्पर्धेतला नमुना तिथवर जाण्याचा प्रश्नच नाही. पण वाडाची संहिता चाचणीवरच अडत नाही. कोणत्याही विश्वासार्ह मार्गानं गोष्ट सिद्ध करता येते, आणि खेळाडूची स्वतःची कबुली त्यात मोडते. इथे कबुली होती, डॉक्टरांसमोर होती, आणि दबावाशिवाय होती. मनगटावरचे चौतीस ठोके मी मोजले होते. पुराव्याचा प्रश्न आमच्यासाठी तिथे मिटला.

दुसरा मुद्दा विजेत्या संघाच्या कॅप्टनचा. तो घाबरलेला होता. "मंग आमचे एकावन्न हजारबी जाईन काय?" फुटबॉलसारख्या सांघिक खेळात नियम स्पष्ट आहे. दोषी खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक बक्षीस रद्द होतं. संघावर कारवाई येते ती त्या संघातले दोनपेक्षा जास्त खेळाडू दोषी निघाले तर. १९९४ला मॅराडोनाला घरी पाठवलं, पण ज्या नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर तो सापडला, तो सामना अर्जेंटिनानं २-१ असा जिंकलेलाच राहिला. आमच्या फायनलचाही आकडा तोच. कॅप्टनला दिलासा मिळाला. चार नंबरच्या संघाला मात्र हा नियम कसा वाटला असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. सेहेचाळिसाव्या मिनिटाचा गोल त्यांच्याविरुद्ध तसाच उभा आहे. नियम समजतो. तो पूर्ण न्याय देतो असं मात्र मी म्हणणार नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. सदस्य म्हणाले, आपल्या पत्रकात उत्तेजक औषधांबद्दल एक शब्द नाही. 'सामने फिफाच्या नियमांनुसार होतील' एवढंच छापलंय. त्यांचं बरोबर होतं. त्या वाक्यातून जे लागू होतं ते खेळाचे सतरा नियम : ऑफसाइड, फाउल, थ्रो-इन. उत्तेजकांविषयीची फिफाची नियमावली वेगळी आहे आणि ती आम्ही कधी वाचलेलीही नव्हती, पोरांना सांगितली तर नव्हतीच. जो नियम सांगितला नाही तो मोडल्याची शिक्षा कशी द्यायची?

इथे मी रुमानियाच्या आंद्रेया रादुकानची गोष्ट सांगितली. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये सोळा वर्षांच्या या जिम्नॅस्टनं सर्वंकष प्रकारात सुवर्ण जिंकलं. सर्दीसाठी संघाच्या डॉक्टरनंच दिलेल्या गोळीत स्यूडोइफेड्रिन होतं, ते नमुन्यात सापडलं. तिची चूक नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तिच्यावर बंदी आली नाही, बाकीची पदकं तिच्याकडेच राहिली. पण ते सुवर्ण गेलं, आणि तिच्याच संघातल्या सिमोना अमानारला मिळालं. त्या पोरीबद्दल मला आजही वाईट वाटतं. पण त्या निर्णयात एक गोष्ट वेगळी काढलेली आहे : शिक्षा हा एक प्रश्न, आणि बक्षीस कुणाचं हा दुसरा. शिक्षा ठरवताना हेतू, अज्ञान, वय सगळं बघायचं. बक्षीस ठरवताना एवढंच बघायचं की ज्या कामगिरीला ते दिलं, ती त्या शरीराची होती का.

म्हणून आम्ही दहा नंबरला कसलीही शिक्षा न देण्याचं ठरवलं. दंड नाही, आमच्या मैदानावर यायची बंदी नाही. आणि बक्षिसाचा प्रश्न वेगळा चर्चेला घेतला.

"इंजेक्शननं गोल होतो काय?"

हे वाक्य सदस्यांचं. आणि टाळ्या पडाव्यात असं ते वाक्य आहे. ड्रिबल पोराचा, नजर पोराची, फटका पोराचा. औषधानं ते येत नाही. मग बक्षीस का काढायचं?

जगात मोठ्या लोकांनीही हाच कौल दिलेला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे हातानं खेळतात त्या फुटबॉलमध्ये, ब्रायन कुशिंग नावाच्या ह्यूस्टन टेक्सन्सच्या नवख्या खेळाडूला २००९च्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरवलं गेलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा पुरस्कार, मत देणारे पन्नास क्रीडा पत्रकार, त्यांतल्या ३९ जणांची मतं त्याला. मे २०१० मध्ये बाहेर आलं की मोसमाच्या सुरुवातीलाच, सप्टेंबरमध्ये, त्याच्या नमुन्यात एचसीजी हे संप्रेरक सापडलं होतं. त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. वृत्तसंस्थेनं पुन्हा मतदान घेतलं. त्यात कुशिंगला १८ मतं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जायरस बर्डला १३. पुरस्कार पुन्हा कुशिंगलाच. निम्म्याहून जास्त मतं गळाली, तरी तोच पहिला. त्याच लीगमध्ये २००६ साली शॉन मेरिमनवर नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडसाठी चार सामन्यांची बंदी आली होती आणि तरी तो त्याच वर्षी प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्यावर इतकी ओरड झाली की २००७ पासून असा खेळाडू त्या वर्षी प्रो बोलला अपात्र असा नियमच आला. वृत्तसंस्थेच्या पुरस्काराला तो नियम बांधील नव्हता. म्हणून कुशिंगचा निर्णय माणसांच्या मनावर सोडला गेला, आणि माणसांना आपलं पहिलं मत बदलणं जड जातं.

मला ते जड जात होतं. मीच दहा नंबर लिहिला होता.

तेव्हा काकाजी बोलले. तीन तासांत पहिल्यांदा. "गुरुजी, गोल त्यानंच मारला. पण तुमी कागदावर काय लिवलं, ते वाचा न."

मी रजिस्टर उघडून वाचलं. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे थांबले, हा धावत होता.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी ड्रिबलला बक्षीस दिलं नव्हतं. नजरेलाही नाही. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की मी न थकण्याला बक्षीस दिलं. आणि मेफेन्टरमाइन नेमकं तेच देतं. जे कुपीतून आलं त्याला मी शिल्ड दिली, आणि ज्याचे पाय आपल्याच ताकदीवर सेहेचाळिसाव्या मिनिटापर्यंत टिकले तो खाली बसला म्हणून त्याला नाही दिली. सदस्यांच्या कागदावर 'स्टॅमिना' असा एकच शब्द होता. काकाजींच्या कागदावर : 'पायाले नख नाही, तरी माणूस सुटला नाही.'

पुरस्कारावर असा वाद उद्भवला तर परीक्षकांनी लिहिलेलं कारण हीच सगळ्यात खरी साक्ष असते, असं आता मी ठामपणे म्हणतो. औषधानं कामगिरी किती टक्के वाढली हे कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या हिशेबात शिरलं की मतदान कुशिंगसारखं होतं. आपण नेमकं कशाला दाद दिली, हे मात्र सांगता येतं. कारण लिहून ठेवलं असेल तर.

ठराव झाला. बक्षीस दहा नंबरकडे राहणार नाही.

दुसऱ्याचं काय

अध्यक्ष म्हणाले, मग शिल्ड कार्यालयात ठेवू, यंदा कुणालाच नाही. हाही मार्ग जगानं वापरलेला आहे. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ची सात टूर द फ्रान्स विजेतेपदं काढून घेतली, तेव्हा २०१२ साली सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ती रिकामीच ठेवली, कारण त्या काळातल्या त्याच्या मागच्या कितीतरी जणांवर तोच डाग होता. आमच्याकडेही कुणी विचारलं : चार नंबरनं काही घेतलं नसेल कशावरून?

हा प्रश्न मला फार लागला. एका पोरानं घेतलं म्हणून दुसऱ्यानं आता स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं? त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. दहा नंबरचं बक्षीस आम्ही अंदाजानं काढलं नव्हतं, कबुलीवर काढलं होतं. चार नंबरला तोच मापदंड लागतो. आणि कौल आधीच झालेला होता, तिघांच्या कागदांवर दोनच नावं होती. नवीन मतदान घ्यायची गरजच नव्हती.

मग अध्यक्षांनी सुचवलं, दोघं-तिघं जाऊन त्याच्या घरी देऊन येऊ. गाजावाजा नको. यावर मात्र मी अडलो. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर मिश्र रिलेत आपण बहारीनच्या मागे दुसरे आलो. त्यांची केमी अडेकोया उत्तेजकांमध्ये अडकली, आणि २०२० साली आपल्या रौप्याचं सुवर्ण झालं. चांगलंच झालं. पण जकार्तात त्या संध्याकाळी राष्ट्रगीत बहारीनचं वाजलं, आणि हिमा दास, पूवम्मा, अनस, राजीव खालच्या पायरीवर उभे होते. ती संध्याकाळ २०२०च्या कागदानं परत आली नाही. आमच्या पोराची संध्याकाळ तरी थोडीशी परत देता येत होती, कारण मैदान इथेच होतं. चुकीचं बक्षीस आम्ही माईकवरून, सगळ्या गावासमोर दिलं. बरोबर बक्षीस मागच्या दारानं का द्यायचं?

दहा नंबरनं शिल्ड आणि ६,००० रुपये पाठवले. उरलेले खर्च झाले होते, ते मागायचे नाहीत असं ठरलं. ५,००१ आम्ही समितीच्या लोकांनी भरले. अध्यक्षांनी सगळ्यात जास्त दिले, हे लिहायलाच पाहिजे.

चार नंबरला सांगायला मी गेलो, तेव्हा तो खुश झाला नाही. "मले नाही पाहिजे सर. त्याच्याजवळून हिसकून कायले?" मी सांगितलं, हिसकलं नाही, त्यानंच पाठवलंय. मग त्याची आई शेतातून आली. शेवटची वेचणी चालली होती, पदराला कापूस चिकटलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मंग त्या रोजी माह्या पोराले कायले नाही देल्लं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "चूक झाली, बाई. माझी झाली."

मैदानावर

१९ फेब्रुवारीला शिवजयंती. मिरवणूक संपून गाव पटांगणावर जमतंच, म्हणून तो दिवस धरला. मंडप २६ जानेवारीसारखा नव्हता, माईक तोच होता. दहा नंबरचं नाव आम्ही घेतलं नाही. 'आमच्याकडून बक्षीस चुकीचं दिलं गेलं होतं, ते आज दुरुस्त करत आहोत', एवढं मी वाचलं आणि काकाजींच्या कागदावरची ओळ वाचली. ज्या किराणा दुकानदारानं त्या बक्षिसाचे पैसे दिले होते, त्याच्याच हातून दिलं. शिल्डवरची जुनी नावपट्टी वणीत काढून नवी लावली होती, पण जुन्या डिंकाची चौकट खाली दिसत होती. चार नंबरनं ती अंगठ्यानं दोनदा घासली.

नागपूरच्या प्रशिक्षकांना मी ९ तारखेलाच फोन केला होता. कबुलीची गोष्ट दहा नंबरला विचारून सांगितली, तो म्हणाला होता सांगा. त्यांनी शांतपणे ऐकलं. पण चाचणी ५ तारखेला झाली होती, मुलं घेतली गेली होती. आता पावसाळ्यानंतर. शिल्ड फिरवता आली, पैसे फिरवता आले, ती ५ तारीख फिरवता आली नाही. खासगी स्पर्धेचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणालाही चालत नाही, त्यामुळे अशा स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरणं हाच पोरांचा खरा लाभ असतो. चार नंबरचा तोच हुकला.

पुढच्या पत्रकासाठी आम्ही ठरवलेल्या गोष्टी थोड्या आहेत. एका संघाला एका दिवशी एकच सामना, पाहुणे थांबोत न थांबोत. संघनोंदणीच्या वेळी प्रत्येक खेळाडूसमोर, आणलेल्यासुद्धा, मेफेन्टरमाइनचं नाव घेऊन सांगायचं की हे चालणार नाही, आणि त्याची सही घ्यायची. उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस पंधरा दिवस तात्पुरतं राहील, हे पत्रकात छापायचं. परीक्षकांची कारणं त्याच संध्याकाळी माईकवरून वाचायची. आणि नाडी मोजायची. बक्षीस घेताना नाही, मध्यंतरात, आणि जास्त वाटली तर पोराला बसवायचं. हे शेवटचं मी स्वतःकडे घेतलंय.

दहा नंबर आता घरी आहे. दोन महिने धावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आठवड्यातून एकदा मी फोन करतो, झोप लागते का विचारतो. मागच्या वेळी त्यानं उलट विचारलं : "सर, तो चार नंबरवाला... त्याची ट्रायल झाली काय?"

मी म्हटलं, पावसाळ्यानंतर आहे. तिन्ही कागदांच्या प्रती आणि माझं पत्र प्रशिक्षकांना पाठवलंय.

"त्याले सांगा," तो म्हणाला, "डावीकडून जाणाऱ्याले तो लवकर पाय टाकते. थोडा थांबला, तर माह्यासारखा कोणीच सुटणार नाही त्याच्याजवळून."

मी ते चार नंबरला सांगितलं आहे.